शिडी

ओझेला मावशीला पोहता येत नव्हतं,
हे आधीच सांगून टाकते.
नंतर लोक तिच्याविषयी असं बोलू लागले
जणू ती पाण्यातच जन्मली होती.

ती गावातल्या लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर उभी असे,
पहाटे पाचपासून, आठवड्याचे सहा वार.
दर सोमवारी पोहण्याच्या तलावावरचे टॉवेल यायचे,
निळ्या पट्ट्यांचे, ओलसर, कॅनव्हासच्या पोत्यांतून,
आणि क्लोरीनचा वास
तिच्या बोटांत मुक्कामाला राहायचा.
तलाव तिनं कधी पाहिला नव्हता.
कुंपणाला हिरवी ताडपत्री होती, फाटकावर पाटी होती.
पाणी कसं असेल ते ती वासावरून सांगायची,
आम्हाला ते खरं वाटायचं.

ल्यूशस नदीवर गेला.
नदीला पाटी नव्हती म्हणून गेला.
अकरा वर्षांचा. ऑगस्ट महिना. कॅल्डर्स फेरीत
डांबर चपलेला चिकटत होतं.
तिसऱ्या दिवशी पुलाच्या खांबापाशी मिळाला.
मावशी रडली असेल. मी पाहिलं नाही.
मी पाहिलं ते एवढंच, की तिनं रविवारची टोपी
बुधवारी डोक्यावर चढवली
आणि नगरपालिकेच्या पायऱ्या चढली.

तीन वर्षं, दर बुधवारी.
मागच्या भिंतीशी उभी. खुर्च्या रिकाम्या असायच्या,
पण तिच्यासाठी नसायच्या.
एकच प्रश्न, एकाच आवाजात,
दुकानात मिठाचा भाव विचारावा तसा:
आमच्या मुलांनी पोहायला कुठं शिकायचं?
पाद्रीबाबा म्हणाले, जरा दमानं घे, ओझेला.
माझी आई म्हणाली, तुझं एकटीचं निभेल गं,
आम्हाला लेकरं आहेत.
हे ऐकून ती काही बोलली नाही.
तिचा ल्यूशस जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

खटला उभा राहिला तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले,
वर्णाचा प्रश्नच नाही, महाराज.
तलाव तोट्यात आहे. कुणी येतच नाही.
मावशीनं पर्समधून वही काढली.
कोपरे दुमडलेली, साबणाचे डाग पडलेली.
जूनचा पहिला आठवडा, तीनशे चाळीस.
जुलैचा दुसरा, चारशे बारा, पैकी नऊ फाटके.
सात उन्हाळे तिनं असे वाचून दाखवले.
हे कुणी मोजलं? न्यायाधीशांनी विचारलं.
मी, ती म्हणाली. धुवायचं तर मोजावं लागतं.

निकाल लागायच्या आधीच नोकरी गेली.
निकाल लागला: उघडायचा तर सर्वांना.
आम्ही एकोणीस दिवस जिंकलेलो होतो.
विसाव्या दिवशी ट्रक आले, लाल माती घेऊन.
दुपारपर्यंत उथळ बाजू भरली, संध्याकाळी खोल.
सगळ्यांना सारखंच, म्हणाले ते,
आणि खरंच, गोऱ्यांची पोरंही
त्या दिवशी कुंपणाला नाक लावून रडत होती.
ताडपत्री काढली होती.
मावशीनं तेव्हा पहिल्यांदा तो तलाव पाहिला.

शिडी काढायची मात्र राहून गेली.
स्टीलच्या दोन कमानी जमिनीतून वर,
पायऱ्या मातीत उतरत जाणाऱ्या.
अजून आहे. गवत कापणारा तिला वळसा घालतो.

पुढच्या मे महिन्यात, चोपन्नाव्या वर्षी,
तिनं कमरेला दोर बांधला,
दुसरं टोक माझ्या हातात दिलं,
म्हणाली, बुडाले तर ओढ, नुसती वाकले तर ओढू नकोस.
आणि नदीत शिरली, फ्रॉकसकट.
पोहणं तिला कधी धड जमलं नाही.
हात असे मारायची जणू चादर झटकतेय.
पण किनाऱ्यावर पोरं जमली,
आधी हसायला, मग शिकायला,
आणि जुलैत माझी आईसुद्धा
धाकट्याला बखोटीला धरून घेऊन आली.

वही आता माझ्याकडे आहे.
टॉवेल संपतात त्या पानाच्या पाठीमागे नावं आहेत,
प्रत्येकापुढे तारीख, किती हात अंतर कापलं ते.
पहिलं नाव ल्यूशसचं.
पुढचा रकाना कोरा.